हळदीचे तेज : परीक्षानळीत आणि पोटात

सांगलीकराला हळदीचे कौतुक सांगावे लागत नाही. 2018 साली ‘सांगली हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण येथील पेठ त्याच्या कितीतरी आधीची. कृष्णाकाठच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत ही हळद साठवीत; 2005 च्या महापुराने त्यांतील बरीच पेवे निकामी केली. पेवाचे तोंड लिंपले की आत प्राणवायू उरत नाही, म्हणून कीड लागत नाही. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही, तो याच कारणाने.

या प्राणवायूचे आपल्याशी असलेले नाते मात्र दुहेरी आहे. त्याच्यावाचून आपण जगत नाही. आणि त्याच्याच वापरातून पेशींमध्ये काही उपद्रवी कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून असतो, म्हणून ती शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात, तो रेणू तिसऱ्याचा. घरातले तेल खवट होते ते अशाच साखळीने. ही साखळी तोडणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीला पिवळेपण देणारे कुर्क्युमिन स्वतःचा हायड्रोजन अणू देऊन मूलकाला शांत करते. (चुना लागताच हळद लाल होते, तीही याच कुर्क्युमिनची करामत; आपले पारंपरिक कुंकू त्यातूनच झाले.)

आमच्या गल्लीतील एका काकांनी मधुमेहाची गोळी सोडून कुर्क्युमिनची गोळी सुरू केली. ‘अरे, अमेरिकेनेसुद्धा हळदीचे पेटंट घेतले होते!’ हे त्यांचे प्रमाण. ते पेटंट जखम भरण्यासंबंधी होते. 1995 साली दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर 1997 साली रद्द झाले. त्या लढ्याचा मला अभिमान आहे. पण तेथे सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपयोग भारताला पूर्वीपासून ठाऊक होता. मधुमेहाचा तेथे प्रश्नच नव्हता.

खरी अडचण पोटात आहे. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झटपट रूपांतर करून टाकते. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम कुर्क्युमिन दिले, तरी रक्तात ते नावालाच सापडले. सोबत मिऱ्यातील पिपेरीन वीस मिलिग्रॅम दिल्यावर प्रमाण सुमारे वीसपट झाले. आता हिशेब पाहा : हळदीत कुर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे दोन ग्रॅमसाठी पासष्ट ग्रॅम हळद! आपण आमटीत चिमूटभर घालतो.

2017 साली अमेरिकेतील काही रसायनशास्त्रज्ञांनी आढावा घेऊन लिहिले, की कुर्क्युमिनची एकही काटेकोर वैद्यकीय चाचणी यशस्वी झालेली नाही. हे मत सर्वांना मान्य नाही. गुडघेदुखीच्या काही लहान चाचण्यांत रुग्णांना आराम पडला आहे. उलट जादा मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत व अमेरिकेत झाल्या आहेत, आणि शोषण वाढविण्यासाठी पिपेरीन घातलेल्या गोळ्याही त्यांत आहेत. स्वयंपाकातल्या हळदीवर हा आरोप नाही.