घरातील ऊर्जा, लेखांक ६ : नवा बॉयलर की विजेचा शॉवर?

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा एखाद्या कपाटात बसवलेला गॅसचा बॉयलर दोन कामे करतो : रेडिएटरांतून, म्हणजे प्रत्येक खोलीत भिंतीलगत बसवलेल्या पोकळ पोलादी पत्र्यांतून, गरम पाणी खेळवून तो घर उबदार ठेवतो आणि नळांना व शॉवरला गरम पाणीही पुरवतो. हा बॉयलर दहा-पंधरा वर्षे चालून कुरकुरू लागला, की दोन-तीन हजार पौंड खर्चून नवा बसवावा की शे-दोनशे पौंडांचा विजेवर चालणारा शॉवर लावून आंघोळीची सोय करून घ्यावी, असा प्रश्न तेथील घराघरांत उभा राहतो. प्रश्न या रूपात मांडला की उत्तर सोपे वाटते. परंतु ज्या दोन वस्तूंची तुलना केली जाते त्या मुळात एका जातीच्या नाहीत, आणि महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबांची येथे विशेष गफलत होण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात बंब असो वा गीझर, त्याचे काम आंघोळीच्या पाण्यापुरते असते. घर तापवणे ही गरजच नसल्यामुळे बॉयलर म्हणजे मोठा गीझर असा समज सहज होतो. ब्रिटनमध्ये मात्र बॉयलरचे मुख्य काम घर तापवणे हे असून आंघोळीचे पाणी हे त्याच्या वार्षिक इंधनखर्चातील लहान खाते आहे. बंद पडलेल्या बॉयलरची जागा विजेचा शॉवर घेऊ शकत नाही. तो बॉयलरकडून फक्त एक जबाबदारी काढून घेऊ शकतो, आणि ती काढून घ्यावी का, एवढाच खरा प्रश्न उरतो.

जुन्या पद्धतीच्या घरांत माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि खाली एका कपाटात तांब्याचे गरम पाण्याचे पिंप असे, व बॉयलर त्या पिंपातील पाणी तापवून ठेवी. या रचनेत शॉवरचा जोर टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो, आणि १० मीटर उंचीला साधारण १ बार असा दाबाचा हिशेब असल्याने, शॉवरच्या वर दीड-दोन मीटरवर असलेली टाकी जेमतेम धार देते. पुढे ‘कॉम्बी’ बॉयलर रूढ झाला. यात साठा नसतो. नळ उघडताच रस्त्यावरील मुख्य वाहिनीतून येणारे पाणी बॉयलरमधून वाहता वाहता तापते, त्यामुळे टाकी आणि पिंप दोन्ही घरातून हद्दपार झाली आणि रिकाम्या झालेल्या कपाटात टॉवेल, चादरी, इस्त्रीचे टेबल यांनी कायमचा मुक्काम ठोकला. विजेचा शॉवरही याच तत्त्वावर चालतो. तो थंड पाण्याच्या वाहिनीला जोडलेला असतो आणि भिंतीवरील लहानशा पेटीतील विद्युत-कुंडलांवरून पाणी जाताना ते तापते. टाकीतल्या पाण्याचा जोर पंपाने वाढवणारा ‘पॉवर शॉवर’ ही निराळी वस्तू आहे. तो पाणी तापवत नाही आणि कॉम्बी बॉयलरला जोडताही येत नाही.

दोन्ही साधनांतील खरा फरक त्यांच्या शक्तीत आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. पाण्याच्या या गुणधर्माला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात आणि कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीने ती बदलत नाही. ब्रिटनमध्ये कडक हिवाळ्यात वाहिनीतील पाणी ५ अंशांच्या आसपास येते असे धरल्यास, ते आंघोळीजोगे ४० अंशांपर्यंत नेण्यासाठी प्रत्येक लिटरमागे सुमारे १४७ किलोज्यूल द्यावे लागतात. ९.५ किलोवॅटचा शॉवर मिनिटाला ५७० किलोज्यूल देतो, म्हणजे मिनिटाला चार लिटरांहून किंचित कमी पाणी. २४ किलोवॅटचा साधा कॉम्बी त्याच वेळात सुमारे १० लिटर देतो. उन्हाळ्यात वाहिनीतले पाणी १५ अंशांवर आले की विजेच्या शॉवरची धारही साडेपाच लिटरांपर्यंत सुधारते, परंतु दाट धारेची अपेक्षा असते ती नेमकी जानेवारीत. शिवाय पेटीवर छापलेला आकडा बहुधा २४० व्होल्टचा हिशेब धरून दिलेला असतो. घरातील दाब २३० व्होल्ट असला तर ९.५ किलोवॅटचे प्रत्यक्षात ८.७ किलोवॅट उरतात. महाराष्ट्रातील ३ किलोवॅटचा झटपट गीझर हे काम याहून कितीतरी कमी शक्तीत निभावतो, कारण पाणी २० अंशांनीच तापवायचे असते आणि मिनिटाला जेमतेम दोन लिटरांची धार असली तरी खाली बादली भरत राहते. डोक्यावर सतत धार हवी अशी अट आली, की हे गणित कोलमडते.

खर्चाच्या बाबतीत नेहमी एकच वाक्य ऐकू येते, की गॅस स्वस्त आणि वीज महाग. ते खोटे नाही. ब्रिटनची ऊर्जा-नियामक संस्था ऑफजेम हिने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीसाठी ठरवलेल्या कमाल दरांत विजेचे एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, सरासरी २४.५ पेन्स, तर गॅसचे तेवढेच युनिट ६.२४ पेन्स होते. चौपट अंतर दिसताच बहुतेक चर्चा येथेच संपते. वास्तविक ती येथे सुरू व्हायला हवी. आठ मिनिटांच्या आंघोळीत ९.५ किलोवॅटचा शॉवर सुमारे १.२७ युनिटे वीज घेतो व त्याचे ३१ पेन्स होतात. त्याच आठ मिनिटांत २४ किलोवॅटचा कॉम्बी पूर्ण क्षमतेने चालला, तर तो ३.२ युनिटे उष्णता पाण्याला देतो आणि ज्वलनातील व वाहिन्यांतील तूट धरून, कार्यक्षमता ८५ टक्के मानल्यास, सुमारे पावणेचार युनिटे गॅस जाळतो. याचे साडेतेवीस पेन्स होतात. चौपटीचे अंतर सव्वापटीवर आले, कारण एका आंघोळीत ३१ लिटर पाणी वापरले गेले व दुसरीत ७८ लिटर. कॉम्बीच्या शॉवरला प्रवाह रोखणारी चकती लावून मिनिटाला चार लिटरांवर आणले, तर तीच आंघोळ नऊ-साडेनऊ पेन्सांत होते. बिलात खरी तफावत पडते ती माणूस किती पाणी अंगावर घेतो त्यावरून, आणि विजेचा शॉवर हा, कोणी मागितलेला नसताना, काटकसरीचा शिक्षक बनतो. बॉयलर तळमजल्यावर आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर असेल, तर गरम पाणी पोहोचेपर्यंत वाया जाणारे थंड पाणीही या जमाखर्चात धरावे लागते.

जोडणीच्या अडचणी दोन्हीकडे आहेत. गॅसच्या बॉयलरला हात लावण्याचा व्यावसायिक अधिकार ‘गॅस सेफ’ नोंदवहीत नाव असलेल्या कारागिरालाच असतो. ही नोंदवही ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीच्या जागी आली. आजचा बॉयलर ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, खोलीतील हवेशी त्याचा संबंध येत नाही. खिडकी बंद असलेल्या लहान मोरीत गॅस गीझर लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचणाऱ्यांना या रचनेचे मोल वेगळे सांगायला नको. विजेच्या शॉवरला ४० अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी वितरणपेटीपासून स्वतंत्र, बहुधा १० चौरस मिलिमीटर काटछेदाची तार, ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा संरक्षक स्विच आणि छताला दोरीने ओढायचा खटका, एवढी तयारी करावी लागते. घराचा मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा असेल आणि दारात मोटार चार्ज करण्यासाठी ३२ अँपिअरची जोडणी असेल, तर दोन्ही एकदम चालू होताच मर्यादा ओलांडली जाते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या जड पाण्यात कुंडलांवर क्षाराचे पुट चढते, हा आणखी एक खर्च; स्कॉटलंडच्या मऊ पाण्यात तो जवळजवळ नाही.

सर्वांत कमी बोलली जाणारी बाब बॉयलरच्या आकाराची आहे. बऱ्यापैकी उष्णतारोधक असलेल्या मध्यम घराला थंडीतल्या कडक दिवशीही सहा ते आठ किलोवॅट उष्णता पुरते; तरीही विक्रेते २४, ३० किंवा ३५ किलोवॅटचा कॉम्बी सुचवतात, कारण त्यांचा हिशेब शॉवरच्या धारेवर बेतलेला असतो. म्हणजे दिवसातल्या वीस मिनिटांसाठी घेतलेले यंत्र उरलेला वेळ गरजेच्या तीन-चार पट क्षमतेने घरात बसून राहते. २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवे बॉयलर जवळपास सर्वत्र संघननी प्रकारचे असावे लागतात, म्हणजे धुरातील वाफेचे पाण्यात रूपांतर करून तिच्यातील अप्रकट उष्मा परत मिळवणारे. परंतु रेडिएटरांतून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असले तरच हे संघनन नीट होते. अवाढव्य बॉयलर पटकन पेटून पटकन विझत राहिला किंवा पाणी ७०-७५ अंशांवर ठेवले, तर कागदावरील ९२ टक्क्यांची कार्यक्षमता कागदावरच राहते. आंघोळीचे ओझे विजेच्या शॉवरकडे दिले, तर लहान बॉयलर मंद आचेवर सलग चालवता येतो. एकच न्हाणीघर, चालू गॅसजोडणी आणि थकलेला बॉयलर अशी स्थिती असेल तर नवा, पण बेताचा कॉम्बी घेणे बहुतेकांना परवडते. न्हाणीघरे दोन असतील तर एकात विजेचा शॉवर ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण डिसेंबरमध्ये बॉयलर बंद पडला आणि कारागीर आठवडाभराने येणार असला तरी आंघोळ अडत नाही. गॅसच नसलेल्या सदनिकांत हा वाद उद्भवतच नाही.

आणि बॉयलरच नको असे ठरले तर? इंग्लंड व वेल्समध्ये उष्णता-पंप बसवण्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य २३ ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड झाले आहे. बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणारा हा पंप एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटे उष्णता देतो, पण त्याची शक्ती सामान्यतः ५ ते १२ किलोवॅट असल्यामुळे शॉवरसाठी वाहते पाणी जागच्या जागी तापवणे त्याला जमत नाही. त्याला पुन्हा तेच गरम पाण्याचे पिंप लागते, दीडशे-दोनशे लिटरांचे, ज्याचे कपाट कॉम्बी आला तेव्हा रिकामे केले गेले. इस्त्रीचे टेबल हलवायला जागा नसलेल्या घरांत विजेच्या शॉवरचे खरे काम येथे सुरू होते : आंघोळ त्याच्याकडे सोपवली की उरलेल्या भांडी-हातधुण्यापुरते लहान पिंप सिंकखाली मावते.