गुण औषधाचा की काळाचा?

नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसाला कशाने बरे वाटले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठाम मिळते. कोणी गोळीचे नाव घेतो, कोणी विपश्यनेचे, कोणी नव्या डॉक्टरांचे, तर कोणी कुलदैवताला बोललेल्या नवसाचे. यांपैकी कोणी खोटे बोलत असतो असे नव्हे. तरीही अशा साक्षींवरून कोणता उपचार लागू पडतो हे ठरवता येत नाही, कारण नैराश्य हा चढउतारांचा आजार आहे. तो येतो, काही महिने मुक्काम करतो आणि पुष्कळांच्या बाबतीत आपसूक ओसरूही लागतो. शिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती अगदी असह्य झाल्यावरच, त्यामुळे त्यानंतर थोडेफार बरे वाटण्याचा संभव मुळातच अधिक असतो. मृग लागायच्या आठवडाभर आधी पर्जन्ययज्ञ केला, तर पावसाचे श्रेय यज्ञाला मिळणारच. म्हणून अशा उपचारांच्या चाचण्यांविषयी वाचताना, ज्यांना तो उपचार मिळाला त्यांचा आकडा आधी पाहू नये. ज्यांना मिळाला नाही त्यांचे काय झाले, हे आधी पाहावे. सगळी परीक्षा त्या दुसऱ्या आकड्यात असते.

गोव्यातली एक चाचणी यासाठी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. ‘संगत’ ही संस्था तिथे 1996 पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली विचारली. ज्यांचे गुण तीव्र नैराश्याकडे बोट दाखवत होते, अशा 495 प्रौढांना चाचणीत घेतले. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णांच्या मर्जीवर सोडले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते निव्वळ दैवगतीने ठरले. निम्म्या लोकांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, पण त्यात एक सुधारणा होती: या रुग्णाला नैराश्य आहे हे डॉक्टरांना कळवलेले होते आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वेही त्यांच्या हाती दिली होती. उरलेल्या निम्म्यांना याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचा कसलाही पूर्वानुभव नसलेली, थोडे प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. पद्धतही साधी होती. मन लागत नाही म्हणून माणूस एकेक काम सोडतो, भेटीगाठी टाळतो, आणि त्या रिकामपणाने मन आणखी खचते. तेव्हा उमेद येण्याची वाट न पाहता, पूर्वी ज्यात जीव रमत असे अशा छोट्या कामांपासून सुरुवात करायची आणि वाटेतल्या अडचणी समुपदेशकासोबत बसून सोडवायच्या. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आलेले होते. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली हे निष्कर्ष छापून आले आणि त्यांची वाखाणणी झाली, ती रास्तच होती.

आता दुसरा आकडा: समुपदेशन न मिळालेल्यांपैकीही 39 टक्के बरे झाले होते. तुलनेचा गट नसता तर 64 टक्क्यांचे सगळे श्रेय समुपदेशनाच्या खात्यात जमा झाले असते. त्याची खरी कमाई शंभरात पंचवीस माणसांची आहे. ही कमाई लहान नव्हे. वर्षभरानंतरही हे अंतर पुसले गेले नव्हते, 63 आणि 48 असे आकडे होते.

तुलनेविना काय होते याचा इतिहास औषधांपाशी आहे. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी 1950 च्या दशकात इमिप्रामिन हे औषध आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिले. तिथे ते फसले. मग नैराश्याच्या रुग्णांवर त्याचा गुण दिसला आणि 1957 मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. तुलनेचा गट नव्हता, होती ती फक्त एका चिकित्सकाची तीक्ष्ण नजर. ती नजर खरी ठरली हे आपल्याला आज ठाऊक आहे, पण ते ठरवायला वेगळ्या चाचण्या लागल्या. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1965 मध्ये सुमारे अडीचशे रुग्णांवरच्या चाचणीचा अहवाल दिला. चार आठवड्यांनी विजेचे उपचार घेतलेल्यांपैकी 71 टक्के आणि इमिप्रामिन घेतलेल्यांपैकी 52 टक्के बरेचसे सावरले होते. औषध नसलेली, फक्त औषधासारखी दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो, घेतलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. आणि फेनेल्झिन या त्या काळी वापरात असलेल्या औषधाचा आकडा होता 30! त्या चाचणीपुरते तरी प्लासिबो घेतलेले रुग्ण फेनेल्झिन घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नव्हते.

यावर पहिला आक्षेप नीतीचा येतो. समोर दुःखी माणूस असताना त्याला चिठ्ठीच्या भरवशावर सोडणे क्रूरपणाचे नाही का? उपचार गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले असेल, तर तो रोखून धरणे क्रूरच. पण चाचणी घ्यावी लागते ती ते सिद्ध झालेले नसते म्हणूनच. शिवाय, गोव्यात पाहिले तसे, तुलनेच्या गटाला वाऱ्यावर सोडलेले नसते. त्याच संशोधकांची त्याआधीची ‘मानस’ नावाची चाचणी, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली, इथे डोळे उघडते. गोव्यातल्या 24 दवाखान्यांत नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांसाठी समुपदेशकांची मदत जोडून पाहिली. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे होण्याचे प्रमाण मदतीसह 65.9 आणि मदतीविना 42.5 टक्के निघाले. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे ते जवळपास सारखेच, साठ-सत्तर टक्क्यांच्या दरम्यान होते. समुपदेशक तसेच, पद्धत तीच, पण ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे जाणारे रुग्ण त्यांच्याविनाही तितकेच सावरत होते. फक्त मदत मिळालेल्यांचेच आकडे पाहिले असते तर ही योजना दोन्हीकडे सारखीच यशस्वी वाटली असती, आणि अपुरे मनुष्यबळ जिथे गरज नाही तिथेही वाटले गेले असते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि हल्ली समाजमाध्यमांवर त्याला भारी जोर आहे: प्लासिबोनेच इतके लोक बरे होत असतील, तर गोळ्या हे थोतांड ठरते. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो उडवून लावू नये. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या 74 चाचण्या एरिक टर्नर यांनी 2008 मध्ये छापील निबंधांशी ताडून पाहिल्या. नियामकाच्या मते 38 चाचण्या यशस्वी होत्या, त्यांतल्या 37 छापून आल्या. बाकीच्या 36 पैकी 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 यशस्वी भासतील अशा बेताने छापल्या गेल्या. म्हणजे निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला जवळपास प्रत्येक चाचणी यशस्वी दिसत होती. ही लबाडी कशी म्हणू नये, हे मला तरी समजत नाही. चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंद करण्याचा आग्रह यातूनच बळावला. भारतात अशी नोंदवही 2007 पासून आहे आणि 2009 पासून नोंद सक्तीची आहे.

पण दडवलेले आकडे मोजल्यावरही औषधांचा गुण शून्य झाला नाही. अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 522 चाचण्या आणि 21 औषधे एकत्र तपासली. एकूण एक औषध प्लासिबोपेक्षा सरस निघाले, मात्र फरक सरासरीने माफक होता. ही सरासरीच फसवी आहे. नियामकाकडच्या 232 चाचण्यांतल्या 73 हजारांहून अधिक रुग्णांचा 2022 मधला अभ्यास सांगतो की सगळ्यांना थोडा थोडा फायदा होतो असे चित्र नाही. सुमारे 15 टक्के रुग्णांना प्लासिबोने मिळाला नसता असा ठळक फायदा होतो. सातांत एकाचे आयुष्य मार्गी लागत असेल तर त्या गोळीला थोतांड म्हणता येणार नाही, आणि सातही जणांना ती रामबाण म्हणून विकताही येणार नाही.

मोजमापावरचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मॅक्स हॅमिल्टन यांची नैराश्य मोजण्याची 1960 ची 17 मुद्द्यांची श्रेणी आजही वापरात आहे. तिच्यात झोपेला तीन स्वतंत्र मुद्दे आहेत, त्यामुळे निव्वळ झोप आणणारे औषधही गुणांत सुधारणा दाखवू शकते. समुपदेशनाच्या चाचणीत तर आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला पक्के ठाऊक असते. गोव्यात गुण नोंदवणाऱ्याला ते कळू दिले नव्हते, पण उत्तर देणाऱ्याचे काय? समुपदेशकाने एवढा वेळ दिला, त्याला वाईट कसे वाटू द्यायचे, ही भीड उत्तरांत उतरू शकते. या उणिवेवर पूर्ण तोडगा नाही. मात्र तुलना गट काढून टाकला तर ही भीड तशीच राहते, आणि काळाने आलेला उतारही तिच्यात मिसळतो. अमेरिकेतल्या सुमारे चार हजार रुग्णांच्या ‘स्टार-डी’ अभ्यासात प्लासिबो नव्हता. उपचारांच्या चार टप्प्यांत 67 टक्के बरे होतात, हा त्यातला आकडा वर्षानुवर्षे दाखला म्हणून दिला गेला. मूळ आराखड्यातल्या नियमांनी 2023 मध्ये फेरमोजणी केली तेव्हा तो 35 वर आला. त्या 35 पैकी औषधाचे किती, हे तर त्या अभ्यासातून कधीच कळणार नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर नेले. ही मोठीच मजल आहे. पण शेजारच्या गावांशी तुलना केलेली नसल्यामुळे, तिथले नैराश्य उपक्रमाने किती हटले आणि त्या साली पीकपाण्याने किती, हे वेगळे काढता येत नाही.

आणखी एक उणीव मुदतीची: बहुतेक चाचण्या आठ-दहा आठवड्यांच्या, आणि लोक गोळ्या घेतात वर्षानुवर्षे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बऱ्या वाटत असलेल्या 478 जणांवर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी म्हणून मोलाची आहे. निम्म्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या हळूहळू कमी करत प्लासिबोवर आणल्या. वर्षभरात गोळ्या चालू असलेल्यांपैकी 39 टक्क्यांना आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना. कोणी हे वाचून मनाने गोळ्या बंद करू नयेत, हे त्या 56 वरून उघड आहे. पण उरलेल्या 44 टक्क्यांना निदान ते वर्ष गोळीवाचून निभावले, आणि ते 44 कोण असतील हे आधीच ओळखण्याचे खात्रीचे साधन आजच्या डॉक्टरांच्या हाती नाही.