दुसऱ्याच्या बोलीचं व्याकरण

भाषा घडताना : लेखांक ९

क्रोएशियन भाषेचं पहिलं छापील व्याकरण क्रोएशियात छापलं गेलं नाही, आणि ते क्रोएशियनमध्ये लिहिलेलंही नव्हतं. ते निघालं रोममध्ये, १६०४ साली, लॅटिन भाषेत. लेखक होता बार्तोल काशिच, एड्रियाटिक समुद्रातल्या पाग बेटावर जन्मलेला, तिशीच्या आतला एक जेझुइट. पुस्तकाच्या नावात ‘क्रोएशियन’ हा शब्दही नाही. त्या काळी बाल्कनच्या पश्चिम भागातल्या स्लाव्ह बोलीला युरोपातले विद्वान ‘इलिरियन’ म्हणत. काशिचनेही तेच नाव वापरलं.

हे पुस्तक का निघालं, हे समजायला आपल्याला गोव्याकडे पाहता येईल. जेझुइट पंथाची एक पक्की शिस्त होती : जिथे धर्मप्रसार करायचा तिथली बोली शिकायची, आणि शिकायची तर तिचं व्याकरण आधी बांधायचं. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारा फादर थॉमस स्टीफन्स याच पंथाचा आणि याच पिढीच्या आगेमागेचा. त्याने कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. रोममधल्या जेझुइटांना बाल्कनमध्ये, म्हणजे तुर्की सत्तेखालच्या मुलखात, माणसं पाठवायची होती. त्यासाठी त्यांनी १५९९ मध्ये रोममध्येच इलिरियन भाषा शिकवण्याची सोय केली. तिथे पाठ्यपुस्तक हवं होतं, ते काशिचने पुरवलं.

पण इथे एक पेच होता, आणि आजचा सगळा लेखांक त्या पेचाभोवतीच आहे. काशिचची भाषा नेमकी कुठली?

क्रोएशियात बोलींचे तीन मोठे गट आहेत आणि त्यांची नावं एका प्रश्नार्थक शब्दावरून पडली आहेत. जे ‘श्तो’ विचारतात त्यांची श्तोकावी, जे ‘चा’ विचारतात त्यांची चाकावी, आणि झाग्रेबच्या उत्तरेकडचे लोक थेट आपल्यासारखं ‘काय’ विचारतात, त्यांची कायकावी. फरक केवळ या एका शब्दाचा नाही. विभक्ती, स्वराघात, शब्दसंग्रह, सगळ्यांतच आहे. काशिच बेटावरचा, म्हणजे चाकावी बोलणारा. १६०४ च्या व्याकरणात चाकावी आणि श्तोकावी रूपं मिसळलेली दिसतात. पुढे तो तुर्की मुलखात दोनदा हिंडला, बेलग्रेडपर्यंत गेला, आणि सर्वांत दूरवर कळणारी बोली बोस्नियातली, म्हणजे श्तोकावी, असं त्याचं मत पक्कं झालं. १६४० साली छापलेला धर्मविधींचा मोठा ग्रंथ त्याने मुख्यतः त्याच बोलीवर बेतला. आपली जन्मबोली बाजूला ठेवून त्याने परक्या प्रदेशातली बोली उचलली. त्याने बायबलचंही संपूर्ण भाषांतर केलं होतं. रोमने छपाईला परवानगी दिली नाही आणि ते हस्तलिखित साडेतीनशे वर्षं पडून राहिलं. विसावं शतक संपता संपता ते छापून झालं. ते वेळेवर निघालं असतं तर क्रोएशियन प्रमाणभाषा दोनशे वर्षं आधी स्थिरावली असती, असं मला वाटतं.

पुढची दोनशे वर्षं भरभर ओलांडू. व्याकरणं आणि कोश निघत राहिले, पण प्रत्येक प्रांतात वेगळे. किनारपट्टी व्हेनिसची, उत्तर हाब्सबर्गांची, मधला मुलूख तुर्कांचा, आणि दुब्रोव्निक स्वतंत्र प्रजासत्ताक. स्लाव्होनियातला लष्करी अधिकारी मातिया आन्तुन रेल्कोविच याने १७६७ मध्ये जर्मन शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल असं व्याकरण काढलं. नेपोलियनच्या अल्पकालीन राजवटीत, १८१२ साली, शिमे स्तारचेविच या धर्मगुरूचं व्याकरण निघालं. या भाषेचं व्याकरण याच भाषेतून समजावून सांगणारं ते पहिलं छापील पुस्तक. म्हणजे काशिचनंतर दोनशे आठ वर्षांनी.

लिपी रोमनच, पण लेखन प्रत्येकाचं निराळं. किनाऱ्यावरचे लोक इटालियन वळणाने लिहीत, झाग्रेबचे हंगेरियन वळणाने. ‘श’ या उच्चारासाठी किनाऱ्यावर ‘एस’ आणि ‘सी’ ही अक्षरं जोडून लिहीत, तर झाग्रेबमध्ये ‘एस’ दोनदा लिहीत. साधा ‘स’ लिहायचा तर झाग्रेबकर ‘एस’पुढे ‘झेड’ जोडत. दुब्रोव्निकचं पुस्तक झाग्रेबच्या वाचकाला कळलं असतं, पण पानावरची अक्षरं पाहूनच तो बिचकत असे.

मागच्या लेखांकात आपण यान हुसच्या नावावर सांगितली जाणारी चेक लेखनाची सुधारणा पाहिली : जोडअक्षरांऐवजी एकाच अक्षराच्या डोक्यावर खूण. तीच खूण ल्यूदेवित गाइ या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने उचलली. १८३० साली बुडा शहरात त्याने एक छोटी पुस्तिका छापली, क्रोएशियन आणि जर्मन मजकूर शेजारी शेजारी. तिचा विषय एवढाच : आपण कसं लिहावं. त्यातल्या काही सूचना त्याने स्वतःच पुढे बदलल्या, पण ‘च’, ‘श’ आणि फ्रेंच ‘झ’ यांच्यासाठी चेक पद्धतीची टोपीवाली अक्षरं आणि मऊ ‘च’साठी पोलिश पद्धतीचं अक्षर, ही व्यवस्था टिकली. आज झाग्रेबच्या ट्रामवर आणि पावावरच्या कागदावर दिसते ती हीच.

गाइचं दुसरं पाऊल जास्त धाडसाचं होतं. तो क्रापिना गावचा, म्हणजे अस्सल कायकावी मुलखातला. झाग्रेबही कायकावीच. या बोलीत सोळाव्या शतकापासून पुस्तकं छापली जात होती. कायद्याचे ग्रंथ, इतिवृत्तं, प्रवचनं, नाटकं. १८३५ च्या जानेवारीत त्याने वर्तमानपत्र सुरू केलं ते कायकावीत. एका वर्षात, १८३६ पासून, तेच पत्र आणि त्याची वाङ्मयीन पुरवणी ‘दानित्सा’ श्तोकावीत निघू लागली, आणि नावात ‘क्रोएशियन’च्या जागी ‘इलिरियन’ आलं.

कारण राजकीय होतं आणि खरंखुरं होतं. हंगेरीचा दबाव वाढत होता, कारभारात हंगेरियन भाषा आणण्याचे प्रयत्न चालू होते. क्रोएशिया, स्लाव्होनिया, डाल्मेशिया हे तुकडे एकत्र यायचे तर त्यांना सामाईक भाषा हवी, आणि तिन्ही तुकड्यांत पसरलेली बोली श्तोकावीच होती. दुब्रोव्निकची जुनी काव्यपरंपरा मुख्यतः तिच्यातच होती. झाग्रेबने आपली बोली सोडली आणि दक्षिणेची घेतली. राजधानीची बोली प्रमाण होते हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला, आणि तोही कुणा राजाच्या हुकमाने नव्हे, तर लेखक आणि संपादक मंडळींच्या निर्णयाने. या निर्णयाबद्दल मला आदर वाटतो.

पण आदर वाटतो म्हणून दुसरी बाजू दडवायची नाही. झाग्रेबमध्ये इग्नात्स क्रिस्तियानोविच नावाचा धर्मगुरू होता. त्याला हा बदल मान्य नव्हता. १८३७ मध्ये, म्हणजे गाइच्या पत्राने बोली बदलल्यावर वर्षभरातच, त्याने कायकावीचं व्याकरण जर्मनमधून छापलं, आणि आपलं कायकावी वार्षिक १८५० पर्यंत नेटाने चालवलं. चळवळीच्या इतिहासात तो प्रवाहाविरुद्ध गेलेला माणूस म्हणून उरला. पण अडीचशे वर्षांच्या छापील परंपरेच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि तो राहिला.

गाइच्या व्यवस्थेतलं एक अक्षर जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या स्लाव्ह भाषेत एक स्वर होता; तो निरनिराळ्या बोलींत निरनिराळा झाला. ‘दूध’ या अर्थाचा शब्द कुणी ‘म्लेको’ म्हणतो, कुणी ‘म्लिको’, कुणी ‘म्लियेको’. यातला कुठला उच्चार खरा धरायचा? गाइने ‘ए’च्या रोमन अक्षरावर टोपी चढवून एकच खूण योजली : लिहा सगळ्यांनी सारखं, वाचा ज्याने त्याने आपल्या घरच्यासारखं. इतका समंजस तोडगा मला लेखनसुधारणांच्या इतिहासात फारसा आढळलेला नाही. तो टिकला नाही. शाळेत शिकवताना मास्तरांना एक उच्चार सांगावा लागतो; हळूहळू ‘म्लियेको’ प्रमाण झाला आणि शतकाच्या अखेरीस ती खूण गेली.

गाइच्या पत्राने बोली बदलली त्याच १८३६ साली व्येकोस्लाव बाबुकिचने ‘दानित्सा’त नव्या भाषेचं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्याच्या मागोमाग आन्तुन माझुरानिच आणि आडोल्फो वेबर त्कालचेविच आले. या मंडळींना ‘झाग्रेब संप्रदाय’ म्हणतात, आणि विरोधक त्यांना ‘आहवाले’ म्हणत. हे टोपणनाव कसं पडलं? श्तोकावीत ‘झेना’ म्हणजे स्त्री, आणि षष्ठीचं अनेकवचन, ‘स्त्रियांचा’ या अर्थी, तेही लिहिताना ‘झेना’च. बोलताना स्वराघात आणि लांबी यांमुळे फरक कळतो. कागदावर कळत नाही. म्हणून झाग्रेबकरांनी षष्ठी अनेकवचनाच्या शेवटी एक ‘ह’ लिहायला सुरुवात केली : ‘झेनाह’. हा ‘ह’ कुणीच उच्चारत नसे. वाचकाच्या डोळ्यांच्या सोयीसाठी तो होता, आणि इतर स्लाव्ह भाषांशी नातं दाखवण्यासाठीही.

२८ मार्च १८५० रोजी व्हिएन्नात आठ माणसं एकत्र बसली. पाच क्रोएशियन, सर्बियन बाजूने वूक कराजिच आणि त्याचा शिष्य जुरो दानिचिच, आणि स्लोव्हेन भाषापंडित फ्रान्त्स मिक्लोशिच. गाइ त्यांत नव्हता. दक्षिणेकडची श्तोकावी दोघांचीही साहित्यभाषा असावी असा मसुदा त्यांनी सह्यांनिशी काढला. त्यातलं एक कलमच असं होतं, की षष्ठी अनेकवचनाच्या शेवटी ‘ह’ लिहू नये. कुठल्याही सरकारने किंवा संस्थेने यांना नेमलेलं नव्हतं, त्यामुळे झाग्रेबने हे कलम बाजूला ठेवलं आणि पुढची चाळीसेक वर्षं ‘ह’ लिहितच राहिलं.

शेवटी ‘ह’ हरला. १८९२ मध्ये इवान ब्रोझची लेखननियमांची पुस्तिका सरकारच्या पाठिंब्याने शाळांत आली, आणि १८९९ मध्ये तोमिस्लाव मारेतिचचं जाडजूड व्याकरण निघालं. मारेतिचची शिस्त आणि मेहनत वादातीत आहे. पण त्याने उदाहरणं घेतली ती मुख्यतः कराजिच आणि दानिचिच यांच्या लेखनातून, आणि क्रोएशियन लेखकांना जवळजवळ वगळलं. आपल्याच भाषेच्या व्याकरणात आपलेच कवी, नाटककार सापडू नयेत, ही मला त्या ग्रंथाची मोठी उणीव वाटते. तरीही पुढच्या पिढ्या त्यावरच शिकल्या.

विसाव्या शतकात हा प्रश्न व्याकरणकारांच्या हातून सुटून सत्ताधाऱ्यांच्या हातात गेला. १९४१ ते ४५ या काळातल्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीने सिरिलिक लिपीवर बंदी घातली आणि फर्मानाने लेखन बदललं. भाषाशुद्धीच्या नावाला तेव्हा जो डाग लागला तो धुवायला पुढच्या अभ्यासकांना फार कष्ट पडले. युगोस्लाव्हियात १९५४ च्या डिसेंबरात नोवी साद इथे करार झाला : भाषा एकच, नाव दुहेरी. त्यानुसार १९६० मध्ये सामाईक लेखननियम आले. १९६७ साली सामाईक कोशाचे पहिले दोन खंड बाहेर पडले आणि अनेक क्रोएशियन शब्दांना दुय्यम जागा मिळाल्याची तक्रार उसळली.

१७ मार्च १९६७ रोजी ‘टेलिग्राम’ या साप्ताहिकात क्रोएशियन साहित्यभाषेच्या नावाविषयी आणि स्थानाविषयी जाहीरनामा छापला गेला. सही करणाऱ्यांत मिरोस्लाव क्रलेझा होता, तेव्हाचा सर्वांत मोठा लेखक. त्याला कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीतून बाहेर पडावं लागलं. याच क्रलेझाने, झाग्रेबने सोडून दिलेल्या कायकावीत, १९३६ मध्ये कवितांचा एक संग्रह लिहून ती बोली साहित्यात परत आणली होती. मसुदा तयार करणाऱ्यांत रादोस्लाव कातिचिच होते. ते भारतविद्येचे अभ्यासक. प्राचीन भारतीय साहित्यावर त्यांचा ग्रंथ आहे, आणि १९८६ मध्ये क्रोएशियन वाक्यरचनेचं मोठं शास्त्र त्यांनीच लिहिलं.

१९७१ मध्ये स्त्येपान बाबिच, बोझिदार फिंका आणि मिलान मोगुश यांनी ‘क्रोएशियन लेखननियम’ तयार केले. पुस्तक छापून झालं, पण नावात केवळ ‘क्रोएशियन’ होतं, ‘क्रोएशियन-सर्बियन’ नव्हतं. त्याच वर्षअखेरीस राजकीय वारं फिरलं आणि जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट करण्यात आल्या. वाचलेली एक प्रत परदेशी पोचली आणि १९७२ मध्ये लंडनच्या क्रोएशियन निर्वासितांनी तिच्यावरून पुस्तक पुन्हा छापलं. म्हणून त्याला ‘लोन्दोनात्स’, लंडनवाला, असं नाव पडलं. र्‍हस्व-दीर्घ सांगणाऱ्या पुस्तकाची एखाद्या बंडाच्या पत्रकासारखी वाट लावली गेली, हे वाचून मी अजूनही अस्वस्थ होतो. झाग्रेबच्या दुकानात ते उघडपणे आलं १९९० मध्ये.

क्रोएशियन आणि सर्बियन या दोन्ही प्रमाणभाषा श्तोकावीवर उभ्या आहेत आणि बोलणारे एकमेकांना सहज कळतात, हे कुणीही जाणकार नाकारत नाही. पण भाषेला स्वतःचं नाव असण्याचा हक्क व्याकरणातल्या फरकांवर मोजायचा नसतो, तो बोलणाऱ्यांचा असतो. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. १९९० च्या राज्यघटनेने क्रोएशियन भाषेला अधिकृत स्थान दिलं, २०१३ मध्ये ती युरोपीय संघाची चोविसावी अधिकृत भाषा झाली, आणि २०२४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आला. ज्या कायकावीने या सगळ्यासाठी आपली जागा सोडली तिच्या जुन्या साहित्यभाषेचा कोश झाग्रेबच्या विज्ञान-कला अकादमीने १९८४ पासून खंडशः काढायला घेतला.

पुढच्या लेखांकात आपण वूक कराजिचकडे जाऊ : सर्बियन लिपीतली अक्षरं गाळणाऱ्या त्या माणसाविषयी.