नातीचा फोन आणि नातीचे मन



आपल्यापैकी अनेकांच्या नाती अमेरिकेत वाढत आहेत. मीही इथे मुलीकडे राहते. आपल्या बायका भेटल्या की एकच तक्रार ऐकू येते, "पोरगी जेवतानासुद्धा फोन सोडत नाही." मी जन्मभर नर्सचे काम केले. त्यामुळे माझे प्रश्न ठरलेले असतात: झोपते किती? जेवते का? पूर्वीसारखी हसते-बोलते का?

काळजीला कारण आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ साली हायस्कूलच्या मुलामुलींची पाहणी केली. वर्षभरात कधीतरी सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ अतिशय उदास वाटले, नेहमीच्या गोष्टी सुटल्या, असे ५७ टक्के मुलींनी सांगितले. मुलग्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. सगळा दोष फोनचा नाही. ते कोविडचे दिवस होते. पण २०११ सालीही मुलींचा आकडा ३६ टक्के होता.

२०२३ साली अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी इशारा दिला की, रोज तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांना नैराश्य व चिंतेचा धोका दुप्पट दिसतो. मैत्रिणींशी जोडलेले राहण्याचा फायदाही त्यांनी मान्य केला आहे. मुलींना जास्त त्रास होतो तो तुलनेचा. फोटोतले चेहरे सजवलेले असतात, पण तेरा वर्षांची मुलगी आरशात पाहून स्वतःलाच कमी लेखते.

आजी-आजोबांच्या हातात काय आहे?

झोप सांभाळा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री सगळ्यांचे फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, आपलाही.

शब्बाथच्या जेवणाला आपले व्हॉट्सॲपही बंद असू द्या. आपण पाहत बसलो तर तिला सांगणार कसे?

"जाड झालीस", "काळवंडलीस" असे थट्टेतही बोलू नका. तेच तिला दिवसभर फोन सांगत असतो.

फोन हिसकावू नका. "बाळा, तू काय बघतेस ते मलाही दाखव," म्हणा आणि उपदेश न करता ऐका.

आता सर्वांत महत्त्वाचे. ती जेवण टाळू लागली, एकटी राहू लागली, उन्हाळ्यातही लांब बाह्यांनी हात झाकू लागली, किंवा "मी नसले तर बरे" असे म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. "आजी, कुणाला सांगू नकोस" अशी शपथ तिने घातली, तरी त्याच दिवशी आई-वडिलांना सांगा, डॉक्टरांकडे न्या आणि तिला एकटी सोडू नका. अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मदत मिळते. दोन्ही नंबर आजच मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

नात चार दिवस रुसेल. रुसू द्या.