लहान सोडा, मोठा न्या?

नदीवरच्या शौकी मासेमारीचा विषय निघाला की ‘लहान मासा सोडावा, मोठा खुशाल न्यावा, नदी कधी रिकामी व्हायची नाही’ हे वचन निर्विवाद सिद्धांताच्या थाटात ऐकवले जाते. किमान लांबीच्या कायद्याचा हेतू रास्तच आहे: प्रत्येक मादीला निदान एकदा अंडी घालण्याची मुभा मिळावी. परंतु जेथे गळ फार, तेथे मासा कायद्याची रेषा ओलांडतो न ओलांडतो तोच उचलला जातो. रेषेखाली गर्दी उरते आणि वयोवृद्ध, महाकाय मासे दिसेनासे होतात.

‘म्हाताऱ्या माशाचा उपयोग तो काय?’ असे वर विचारणाऱ्यांना काय सांगावे! सागरी माशांच्या शेकडो प्रजातींचा २०१८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, बहुतेक प्रजातींत मादीचे वजन दुप्पट झाले तर तिची प्रजननशक्ती दुपटीहून अधिक वाढते. त्याच नियतकालिकात २००२ साली आलेल्या प्रयोगात, दर पिढीतील मोठे मासे काढून घेतल्यावर अवघ्या चार पिढ्यांत उरलेल्यांची वाढच खुंटली.

ऑस्ट्रेलियातील मरे कॉड शंभर किलोंपलीकडे वाढल्याची नोंद आहे. न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या राज्यांनी त्याची किमान लांबी ५० सेंटिमीटरवरून टप्प्याटप्प्याने ६० वर नेली आणि अखेर २०१४ साली निराळी तजवीज केली: ५५ ते ७५ सेंटिमीटरचाच मासा नेता येईल, त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही नदीत परत.

किरकोळ गैरसमजही पुष्कळ आहेत. ‘मर्यादा वाढवली की मासे मोठे होतात’: पिल्ले विपुल आणि अन्न तुटपुंजे असेल तर ती रेषेखालीच खुरटतात. ‘सोडलेला मासा जगतोच’: गळ खोल रुतला किंवा पाणी तापलेले असले तर पुष्कळदा मरतो. ‘एकच आकडा सर्व नद्यांना पुरे’: वाढीचा वेग नदीगणिक बदलतो. ‘लांबी ठरली, मग संख्येचे बंधन कशाला?’: किती मासे न्यावेत याविषयी मोजपट्टी मुकी असते.

तात्पर्य, लांबीचा नियम कोणता मासा वाचवतो एवढेच न पाहता, तो कोणता मासा गळाच्या हवाली करतो, हेही कायदा करणाऱ्यांनी आणि गळ टाकणाऱ्यांनी तपासले पाहिजे.