नायलॉनचा गालिचा आणि सावित्रीचं पाणी

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून खाली येते आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीकडे जाते. तिच्या खोऱ्यात, बिरवाडीच्या परिसरात महाडची एमआयडीसी आहे. इथं औषधांचे कच्चे घटक, सुगंधी द्रव्यं, रंग आणि रंगद्रव्यं तयार होतात. १९५१ साली सुरू झालेल्या सुदर्शन केमिकल या पुण्याच्या रंगद्रव्य कंपनीचे कारखाने रोह्याला आणि महाडला आहेत. याच कंपनीने २०२५ मध्ये जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय विकत घेतला. नायलॉनचा धागा मात्र घाटावर, पुण्याजवळच्या भोसरीत निघतो. तिथला सेंच्युरी एन्का हा कारखाना नायलॉनच्या सुतासाठी आणि टायरमधल्या कापडासाठी ओळखला जातो.

धागा एकीकडे आणि रंग दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. पण गालिचासाठी किंवा कापडासाठी नायलॉन सुधारण्याचे जे प्रयत्न गेल्या सात-आठ दशकांत झाले, त्यांतले बरेचसे रंगाभोवतीच फिरतात. रंग धाग्यात कधी आणि कसा जातो, यावर किती पाणी खराब होणार आणि ते कुठल्या नदीला जाणार हे ठरतं. सावित्रीकाठच्या माणसाने हा धागा समजून घ्यायला हवा तो यासाठी.

अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६,६ तयार केलं. १९३८ च्या आरंभी जर्मनीत पॉल श्लाक यांनी कॅप्रोलॅक्टम या एकाच रसायनापासून नायलॉन ६ बनवलं. आपल्याकडे मुळं धरली ती या दुसऱ्या प्रकाराने. १९५८ साली स्थापन झालेल्या निर्लॉन कंपनीचा कारखाना गोरेगावला हमरस्त्याकाठी उभा राहिला. त्या जागेवर आता कार्यालयांच्या इमारती आहेत. कच्चा माल असलेलं कॅप्रोलॅक्टम सत्तरच्या दशकात बडोद्याच्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्समध्ये बनू लागलं. महाड-पोलादपूरचे चाकरमानी ज्या गिरणगावात कापसाच्या साच्यांवर राबत होते, त्याच मुंबईच्या उपनगरात हा नवा धागा निघत होता. नायलॉनची साडी न चुरगळणारी, झटकन वाळणारी आणि वर्षानुवर्षं न फाटणारी, म्हणून घरोघरी तिचं अप्रूप होतं.

तक्रारीही होत्या. ती अंगाला चिकटायची, घाम टिपायची नाही, तिची चमक डोळ्यांत भरायची आणि विस्तवाजवळ तिची भीती वाटायची. साधारण दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या आठ टक्के ओल धरतो, नायलॉन चार टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याच्याही आत. गालिचाच्या बाबतीत अडचणी आणखी वाढल्या. गालिचावर माणसं बुटांनी चालतात, चहा सांडतो, ऊन पडतं, धूळ बसते. मूळचा गुळगुळीत, गोल नायलॉनचा तंतू यांतल्या कशाशीच नीट जमवून घेत नव्हता. त्याचा चिवटपणा राखून बाकीचे दोष काढायचे, हे काम तेव्हापासून सुरू झालं आणि आजही चालू आहे.

सुरुवात झाली आकारापासून. नायलॉनचे दाणे, म्हणजे चिप्स, आधी कोरडे करतात, कारण ओल राहिली तर वितळताना साखळ्या तुटतात. मग अडीचशे अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानाला वितळलेला दाट रस गाळणीतून दाबत स्पिनरेट या जाड पोलादी चकतीतून बाहेर काढतात. चकतीला केसाएवढी बारीक भोकं असतात. चकतीखाली गार हवेचा झोत लागताच रसाचे तंतू होतात, त्यांवर तेलाचा हलका हात फिरतो आणि ते खेचले जाऊन बॉबिनवर गुंडाळले जातात. गालिचाच्या सुताचा वेग मिनिटाला अडीच-तीन हजार मीटरपर्यंत जातो. सोऱ्याची चकती बदलली की चकलीची शेव होते, तसं इथंही भोक बदललं की तंतूचा छेद बदलतो. फरक एवढाच की वितळलेला रस पुन्हा गोल व्हायला बघतो. पृष्ठताण त्याला तिकडे ओढतो. म्हणून तीन पाकळ्यांचा तंतू हवा असेल तर भोक इंग्रजी वाय अक्षरासारखं, हव्या त्या आकारापेक्षा जास्त टोकदार कापावं लागतं, रस दाट ठेवावा लागतो आणि हवा चटकन द्यावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? गोल, पारदर्शक तंतू भिंगाचं काम करतो. मागे अडकलेला धुळीचा कण तो मोठा करून दाखवतो. तीन पाकळ्यांचा तंतू उजेड विखरतो, त्यामुळे तेवढीच धूळ असूनही गालिचा कमी मळलेला वाटतो. शिवाय असे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून कमी वजनात जास्त भरीवपणा मिळतो. पुढे तंतूच्या पोटात लांबीभर पोकळ नळ्या ठेवण्याची युक्ती आली. नंतर या सुताला गरम हवेच्या किंवा वाफेच्या झोतात फुगवून कुरळं करतात, पिळून उष्णतेने पीळ पक्का करतात. पायाखाली दबून पुन्हा उभा राहणारा गालिचा यातून घडतो.

आकारानंतरचा फेरफार डोळ्यांना दिसत नाही. नायलॉनच्या प्रत्येक लांब साखळीला दोन टोकं असतात. नायलॉन ६ मध्ये सामान्यतः एक अमाइन गटाचं, दुसरं आम्लगटाचं. रंगाईच्या आंबट पाण्यात अमाइनच्या टोकावर धन विद्युतभार येतो. नायलॉनसाठी वापरले जाणारे आम्लरंग ऋण भाराचे असल्याने त्या टोकांशी जाऊन बसतात. म्हणजे धागा किती गडद रंगणार हे बऱ्याच अंशी टोकांच्या संख्येवर अवलंबून आहे. साखळी घडत असतानाच थोडं अॅसिटिक आम्ल घातलं की अमाइनची टोकं बंद होतात आणि फिका रंग घेणारा धागा मिळतो. डायअमाइन घातलं की टोकं वाढतात आणि रंग गडद बसतो. असे तीन प्रकारचे पांढरे धागे एकाच गालिचात गुंफले आणि तो एकाच रंगाच्या एकाच हौदात बुडवला, तर एकाच खेपेत त्याच्यावर तीन छटांची नक्षी उमटते.

डागाचं कोडंही इथंच सुटतं. लग्नाच्या हॉलमधल्या गालिचावर लाल सरबत सांडलं की तो डाग निघता निघत नाही. अशा सरबतात बऱ्याचदा कार्मोइसिन किंवा पाँसो ४आर हे खाद्यरंग असतात. हे दोन्ही आम्लरंगच आहेत आणि सरबताला आंबट चव देणारं सायट्रिक आम्ल सोबतीला असतंच. थोडक्यात, सांडलेलं सरबत म्हणजे रंगाईचा लहानसा हौदच. यावर उपाय म्हणून साखळीतच सल्फोनेट गट विणून टाकतात. त्यांच्यावर ऋण भार असल्याने सरबतातला ऋण भाराचा रंग जवळ फिरकत नाही, आणि हाच धागा धन भाराचे, म्हणजे कॅटायनिक रंग आनंदाने घेतो. दुसरा मार्ग म्हणजे तयार गालिचावर अशाच रसायनांचं अस्तर चढवणं. १९८६ मध्ये ड्यूपाँने स्टेनमास्टर या नावाने डागरोधक गालिचे बाजारात आणले आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची अपेक्षाच बदलून टाकली.

आपल्या स्वयंपाकघरापुढे मात्र हा उपाय तोकडा पडतो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूवर असा भार नसतो. तो लहान असतो आणि कसल्याही टोकाची वाट न पाहता धाग्यात शिरतो. म्हणून सरबताला दाद न देणारा गालिचाही वरणाच्या थेंबाने पिवळा पडू शकतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट एवढी की कर्क्युमिन उन्हात लवकर फिकं होतं.

सल्फोनेटची ही युक्ती पोलादपूरच्या पलीकडे, कशेडी घाट उतरून खेडच्या पुढे लोटे-परशुराम इथं दुसऱ्या एका धाग्यासाठी कामी येते. महाडला आयसोब्युटाइल बेंझीनपासून सुरुवात करणाऱ्या विनती ऑरगॅनिक्सने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर लोट्याला एटीबीएस हे रसायन बनवायला घेतलं आणि त्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत ती गणली जाते. एटीबीएसच्या अनेक उपयोगांपैकी एक म्हणजे अॅक्रिलिकच्या साखळीत सल्फोनेट गट बसवणं, जेणेकरून ब्लँकेटचा किंवा स्वेटरचा धागा रंग नीट धरेल. धागा इथं निघत नसला, तरी धाग्याला स्वभाव देणारा रेणू कोकणात घडतो.

बाकीचे फेरफार थोडक्यात सांगता येतील. वातानुकूलित कार्यालयाच्या कोरड्या हवेत नायलॉनच्या गालिचावर चालल्यावर दाराची मूठ धरताना झटका बसतो. सुमारे साडेतीन हजार व्होल्टनंतर तो माणसाला जाणवतो. त्यासाठी सुतात काजळीचा गाभा असलेले थोडे तंतू मिसळतात. पावसाळ्यातल्या महाडला त्याची गरज नाही, हवेतली ओलच ते काम करते. चमक मारण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, पण उन्हात तेच धाग्याचा ऱ्हास वाढवतं, म्हणून सोबत मँगनीजचे क्षार घालावे लागतात. टायरच्या सुताला उष्णता सोसावी म्हणून तांब्याचे क्षार देतात. एक दोष काढायला घातलेली वस्तू दुसरा दोष आणते आणि त्याच्यावरही उतारा शोधावा लागतो.

सर्वांत मोठा बदल म्हणजे रंग हौदात न देता वितळलेल्या रसातच देणं. रंगद्रव्याची बारीक पूड आधी थोड्या प्लास्टिकमध्ये घोटून दाणे करतात आणि ते चिप्ससोबत वितळवतात. तंतू जन्मतः रंगीत निघतो. रंग आरपार असल्याने उन्हाने किंवा ब्लीचने सहज उडत नाही. रंगाईचा हौद, वाफ, धुवणं, धुतलेलं रंगीत पाणी, हे सगळं टळतं. पण नायलॉनचा रस रंगद्रव्यांवर कठोर असतो: उष्णता भरपूर आणि वर रंगाचं क्षपण करण्याची, म्हणजे तो मारण्याची प्रवृत्ती. छपाईच्या शाईत शोभणारी कितीतरी पिवळी-लाल रंगद्रव्यं इथं करपतात. टिकतात ती मोजकी: काजळी, लोहाची ऑक्साइडं, थॅलोसायनिन निळा-हिरवा, पेरिलीन लाल, धातू जोडलेली काही अॅझो पिवळी. पुडीचा एखादा कण मोठा राहिला तर गाळणी तुंबते, धागा तुटतो, लॉट वाया जातो. छटाही आधीच ठरवावी लागते. पांढरं सूत ठेवून मागणीप्रमाणे रंगवण्याची मुभा राहत नाही. म्हणून लहान कारखानदार अजून हौदच पसंत करतो.

इथं पाण्याचा हिशेब पुन्हा महाडला येतो. गालिचाच्या किंवा कापडाच्या कारखान्यात जे पाणी वाचलं, त्याचा काही भाग रंग बनवणाऱ्याच्या दारी खर्च झालेला असतो. आम्लरंगांपैकी बहुतेक अॅझो जातीचे. ते बनवताना बर्फ घालून शून्य ते पाच अंशांवर अमाइनचं डायझो संयुग करतात, मग कपलिंग करतात, म्हणजे ते दुसऱ्या रेणूशी जोडतात, आणि पाण्यात विरघळलेला रंग खाली बसावा म्हणून साधं मीठ घालतात. फिल्टर प्रेसमध्ये रंगाचा ओला केक अडकतो आणि खारं, रंगीत पाणी खाली उतरतं. रंगद्रव्याचा केकही क्षार निघेपर्यंत धुवावा लागतो. सामाईक सांडपाणी केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण मीठ खात नाहीत आणि अॅझो रंगापुढे बऱ्याचदा हात टेकतात. महाडच्या औद्योगिक क्षेत्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी सावित्रीच्या खाडीत जातं. मासा कमी झाल्याची खाडीकाठच्या कोळी-भोई कुटुंबांची तक्रार जुनी आहे, आणि ती गांभीर्याने घ्यायलाच हवी.

तरीही रसातच रंग देण्याची पद्धत मला पुढचं पाऊल वाटते, आणि त्याचं कारण महाडच्याच बाजूचं आहे. किलोभर सुताला रंगद्रव्य लागतं ते काही ग्रॅम. रंगाईचे शेकडो लहान हौद गावोगाव रंगीत पाणी सोडत असतील तर त्यांच्यावर देखरेख अशक्यप्राय असते. तोच भार मोजक्या रंगद्रव्य कारखान्यांवर आला, तर पाणी कुठून निघतं, त्यात काय आहे आणि ते कोण सोडतं हे नक्की सांगता येतं. मीठ वेगळं काढणारे बाष्पक आणि पाणी गाळून परत वापरण्याची यंत्रणा मोठ्या कारखान्याला परवडू शकते. मात्र जबाबदारी एका जागी गोळा झाली म्हणजे ती पार पडलीच असं होत नाही. ती पार पडेल यासाठी मोजमाप रोज आणि लोकांना दिसेल असं व्हायला हवं.

धाग्याच्या शेवटाचाही विचार व्हावा. नायलॉन ६ उष्णतेने आणि उत्प्रेरकाने मोडून पुन्हा कॅप्रोलॅक्टम मिळवता येतं. इटलीच्या अॅक्वाफिल कंपनीने जुनी मासेमारीची जाळी आणि गालिचे यांपासून असं सूत बनवून दाखवलं आहे. बाणकोटच्या खाडीत फाटलेली जाळीही याच मालात मोडतात. पण साखळीत विणलेले सल्फोनेट, तांबं, रंगद्रव्य आणि गालिचाच्या पाठीचा खडू मिसळलेला लेटेक्सचा थर, हे सगळं तेव्हा अडथळा होतं. आज धाग्यात घातलेला प्रत्येक गुण उद्या वेगळा काढायचा आहे, हे रसायनतज्ज्ञाने नवा प्रकार घडवतानाच ध्यानात धरलं पाहिजे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीपासून वरळीच्या सस्मिरापर्यंत वस्त्ररसायनाचं शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. हा विषय तिथल्या मुलांसाठी तयार पडला आहे.

गालिचाच्या लेबलवर आज तंतूची जात, वजन आणि डागरोधक असल्याची हमी छापलेली असते. त्याच्या रंगासाठी कुठल्या नदीचं किती पाणी घेतलं आणि ते कुठल्या स्थितीत परत केलं, हेही तिथं छापलं जावं. एवढा हिशेब ठेवणं मोठ्या रंग कारखान्यांना अवघड नाही. हॉटेलं, कार्यालयं आणि सरकारी खाती हे गालिचांचे मोठे खरेदीदार आहेत; त्यांनी निविदेत ही एक अट घातली, तर तिचा पहिला फायदा सावित्रीला होईल.