पहिलं ओव्हरक्लॉकिंग: बोर्ड कोणता घ्याल?

घोडबंदर रोडहून लॅमिंग्टन रोडला मदरबोर्ड घ्यायला निघण्याआधी चिपसेटचं अक्षर पक्कं करा. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरचा गुणक वाढवायचा तर झेड मालिकेचाच बोर्ड लागतो; बी५६०सारख्या बोर्डावर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. एएमडीच्या बी५५० किंवा बी६५० या मधल्या किमतीच्या बोर्डांवर मात्र रायझन प्रोसेसरही पळवता येतो, ए६२०वर नाही. शिकायला एएमडीची बी मालिकाच उत्तम, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी पारख व्हीआरएमची. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणारा हा भाग वेग वाढवला की चांगलाच तापतो. त्यावर जाड, खाचांचा हीटसिंक हवाच. रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मोजू नका. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात ठाण्यातली खोलीच ३५ अंशांवर असेल, तर २० अंशांच्या खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे इथे कसे मिळणार? त्यात घोडबंदर रोडवर मेट्रो ४च्या कामाची धूळ. हीटसिंक अधूनमधून ब्रशने झाडा.

सीमॉस पुसण्याचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर तोच घ्या. चुकीच्या सेटिंगमुळे पडदा काळा राहिला, तर त्या बटणाने बायोस मूळ पदावर येतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसरचं झालेलं नुकसान मात्र एएमडीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून व्होल्टेज अगदी थोडं थोडं वाढवा आणि प्रत्येक पायरीवर तापमान पाहा.